उदाहरणातला शिंपी

टेलर मास्तरांच्या दुकानातून कपडा घरी गेला की त्याच्यासोबत एक पुरचुंडी जायचीच. शर्ट असो, पँट असो, नाहीतर नुसती बाही आखूड केलेली असो. कापून उरलेलं सगळं कापड, बोटभर रुंद पट्ट्यांपासून काखेतल्या तिकोनी कपच्यांपर्यंत, त्याच कापडाच्या एका तुकड्यात बांधून मास्तर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, याचं मी काय करू?" मास्तर म्हणायचे, "काय वाटेल ते करा. तुमचं आहे." बहुतेक जण कोपरा ओलांडला की ती पुरचुंडी कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. डबा दुकानातून सरळ दिसायचा. मास्तर बघायचे आणि पुढचं कापड अंथरायचे. टाकलं ना? टाकू दे. त्यांचं होतं, त्यांनी टाकलं.

आता एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणालाही वाटेल. त्याला कारण होतं. दुकान मुळात वडिलांचं. मास्तर बावीस वर्षांचे होते तेव्हा एका वकिलाचा कोट शिवून झाला आणि तो वकिलाच्या अंगाला बसेना. बटणं काजापर्यंत पोचेनात. वकील दुकानात उभा राहून ओरडला, "या माणसानं माझं वीतभर कापड खाल्लं!" कोर्टात कमावलेला आवाज तो, दोन गल्ल्यांना ऐकू गेला. वडिलांनी मापाची वही काढून दाखवली, पण वही त्यांच्याच हातची. तिला कोण विचारतं? महिन्याभरात वडिलांचं नाव 'कापडखाऊ' पडलं आणि गिऱ्हाइकं निम्म्यावर आली.

मग मुलाने पुरचुंडीची टूम काढली. वडिलांना विचारलंसुद्धा नाही. एके दिवशी सकाळी बांधायला लागला, झालं. वर्षभरात गिऱ्हाइकं परत आली. लोक म्हणायचे, "पोरगा सरळ आहे हो, बापासारखा नाही." मास्तर ते ऐकून खाली मान घालायचे आणि मशिनचं पॅडल जरा जोरात हाणायचे, इतकं बरं वाटायचं. वडील पुढे बारा वर्षं होते, पण कात्रीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. डोळे गेले म्हणायचे. इस्त्री तेवढी करायचे, आणि दुपारी शेजारच्या घड्याळजींकडे जाऊन बसायचे.

तर अशी चाळीस वर्षं गेली. बायको काज-बटणं करायची, मास्तर कापायचे आणि शिवायचे, दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेचे गणवेश दरवर्षी त्यांच्याकडेच यायचे. शाळा कापडाचे तागेच्या तागे आणून टाकायची आणि कुणी मोजायला म्हणून उभं राहायचं नाही. त्या न मोजण्याचा मास्तरांना भारी अभिमान होता.

आणि मग एका दुपारी सातवीतली एक मुलगी स्कर्टची शिलाई सोडून लांबी वाढवायला आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "मास्तर, तुम्ही आमच्या शब्दकोशात आहात!"

मास्तर खूश झाले. हे लपवण्यात अर्थ नाही, अगदी लहान मुलासारखे खूश झाले. त्याच रस्त्यावर, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, शब्दकोशाचं कार्यालय होतं. तिथे लाकडी खणांमध्ये हजारो कार्डं होती, एका कार्डावर एक शब्द. ती कार्डं लिहिणाऱ्या बाई मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा राखाडी कोट मास्तरांनी तीनदा उसवून तीनदा शिवला होता. त्या कार्यालयाने शाळेसाठी नवा छोटा कोश काढला होता, हे मास्तरांना ठाऊक होतं. आपण त्यात आहोत हे ठाऊक नव्हतं.

"बघू," म्हणत त्यांनी हात टेपने पुसले, मग लक्षात आल्यावर पँटला पुसले. मुलीने पान उघडून दिलं.

'बदनाम करणे : खोटेनाटे सांगून एखाद्याचे चांगले नाव घालवणे. उदा., "कोपऱ्यावरचा शिंपी उरलेल्या कापडाची पुरचुंडी देतो, पण अर्धे स्वतः ठेवतो," असे सांगून लोकांनी त्याला बदनाम केले.'

मास्तरांनी एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"बाईंनी वर्गात पाठ करून घेतलं," मुलगी म्हणाली. "कोपऱ्यावरचा म्हणजे तुम्हीच ना? पुरचुंडी तर तुम्हीच देता. आम्ही सगळ्यांनी लगेच ओळखलं!"

"काय लिहिलंय हो?" आतून बायकोने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. स्कर्ट त्यांनी त्या दिवशी वाकडा शिवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच उसवला.

आता नीट विचार करणारा माणूस म्हणेल, यात बिघडलं काय? वाक्यात शिंप्याची बाजूच घेतली आहे. लोक खोटं बोलले, शिंपी निर्दोष. अगदी बरोबर. पण लोक वाक्य शेवटपर्यंत वाचतात हा समज कुणी पसरवला कोण जाणे! पोरांचं पाठांतर पहिल्या स्वल्पविरामापर्यंत पक्कं असतं, दुसऱ्यापर्यंत डळमळतं आणि त्यापुढे घंटा होते. चाळीस पोरांनी घरी जाऊन मोठ्या आवाजात पाठ केलं, "कोपऱ्यावरचा शिंपी उरलेल्या कापडाची पुरचुंडी देतो, पण अर्धे स्वतः ठेवतो." आईने पोळपाटावरून मान वर केली, बापाने वर्तमानपत्र खाली घेतलं. एवढं पुरे होतं. शिवाय ते छापलेलं होतं. तोंडी बोललेलं माणूस विसरतो. छापलेलं म्हटलं की त्यात काहीतरी तथ्य असणारच!

आठवड्याभरात पोरं त्यांना 'अर्धे मास्तर' म्हणायला लागली. मग पोस्टातले एक गृहस्थ शर्ट न्यायला आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पुरचुंडी घेतली आणि तिथेच टेबलावर सोडली. कपच्या एकीला एक लावून बघायला लागले.

"काय करताय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही, सहज."

"सहज कुणी चिंध्या जुळवतं का?"

"तुम्ही कशाला मनाला लावून घेताय? मी काही म्हटलं का?"

हीच तर गंमत होती. कुणी काही म्हणतच नव्हतं. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. एका बाईने गोड आवाजात विचारलं, "कापताना मी इथे बसले तर चालेल ना?" समोरच्या रेडीमेडवाल्याने दारावर पाटी लावली, 'आमच्याकडे कापड उरतच नाही.' मास्तर दर गिऱ्हाइकाला कोश उघडून पूर्ण वाक्य वाचून दाखवायला लागले, तेव्हा रेडीमेडवाला हसून म्हणाला, "खाई त्याला खवखवे!" गप्प बसावं तर कबुली, बोलावं तर पुरावा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मास्तरांना सगळ्यात जास्त कशाने जाळलं असेल, तर कोपऱ्यापलीकडच्या त्या कचऱ्याच्या डब्याने. तो रिकामा दिसायला लागला. चाळीस वर्षं ज्यांनी पुरचुंड्या फेकल्या, ते आता त्या घरी नेत होते. मोजायला.

आणि मग शाळेतून निरोप आला. मास्तर गेले. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खिडकीशी उभ्या राहून बोलल्या, त्यामुळे त्यांचं तोंड मास्तरांना दिसलं नाही.

"मास्तर, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण पालक... तुम्हाला माहितीये ना पालक कसे असतात. यंदा गणवेशाचं जरा थांबू. महिनाअखेरीच्या सभेत ठरवू."

"बाई, ते वाक्य तुमच्याच शाळेत पाठ करून घेतलंय!"

"अभ्यासक्रमात आहे, मास्तर. माझ्या हातात नाही."

मास्तर तिथून तडक कोशाच्या कार्यालयात गेले. संपादकसाहेब किरकोळ अंगाचे, सभ्य, आणि व्याकरणापलीकडे जगात काही घडतं यावर फारसा विश्वास नसलेले गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वाक्य वाचून दाखवलं.

"बघा. इथे 'बदनाम केले' असं म्हटलंय. व्याख्येत काय आहे? खोटेनाटे सांगून. म्हणजे आरोप खोटा. आरोप खोटा असल्याशिवाय 'बदनाम' हा शब्द लागूच होत नाही. खऱ्या चोराला चोर म्हटलं तर ती बदनामी नव्हे. म्हणजे या वाक्यानुसार तुम्ही निर्दोष आहात. किंबहुना आम्ही तुमचं समर्थनच केलंय."

"साहेब, मला समर्थन नको. मला काढा."

"का?"

"लोक मला चोर म्हणतात!"

"मग ते वाक्य चुकीचं वाचतात," साहेब म्हणाले आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. मास्तरांबद्दल नव्हे, वाक्याबद्दल.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मास्तरांनी शुद्धिपत्रक मागितलं. पुस्तकात चिकटवतात ना, चुका सांगणारा कागद, तसा. साहेब म्हणाले, "शुद्धिपत्रात चुका देतात. या वाक्यात चूक कुठे आहे?"

"शिंप्यात!" मास्तर ओरडले. खणांपाशी बसलेल्या दोन माणसांनी वर पाहिलं. साहेबांनी पुन्हा पाणी मागवलं आणि तेच सगळं पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. फक्त दोघांनाही वाटत होतं की घडा समोरचा आहे.

तिसऱ्यांदा मास्तर गेले ते हे वाक्य लिहिलं कुणी, एवढंच विचारायला. खणांच्या ओळीमागून कार्डवाल्या बाई पुढे आल्या. अंगात तोच राखाडी कोट.

"मी लिहिलं, मास्तर."

मास्तर एक पाऊल पुढे झाले. "तुम्ही? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

"वाकडं नाही हो." बाईंचा चेहरा पडला होता. "उदाहरणाला चांगलाच माणूस लागतो. वाईट माणसाचं नाव घालवलं तर ते बदनाम करणं होत नाही. मी खूप वेळ बसले होते कार्ड घेऊन. ज्याच्यावर कापड चोरल्याचा आळ घेतला तर ऐकणाऱ्याला हसू येईल, इतका सरळ माणूस कोण? मला तुम्हीच आठवलात. आणि ते खोटं आहे हे पक्कं कळावं म्हणून पुरचुंडी घातली. मी तर... मला वाटलं तुम्हाला आवडेल."

अशी माणसं असतात. खोल्यांत बसून शब्दांचे अर्थ नेमके करतात आणि रस्त्यावर तो शब्द काय करेल याचा त्यांना पत्ता नसतो. मास्तर भयंकर चिडले. आणि चिडावं तरी कसं? शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. इथे बाईंनी त्यांचा मान केला होता.

"सात महिन्यांपूर्वी तुमचा कोट उसवला तेव्हा अस्तराची पुरचुंडी दिली होती," मास्तर शेवटी म्हणाले. "ती टाकलीत का डब्यात?"

"नाही. ठेवलीये."

"मोजून बघा घरी गेल्यावर," मास्तर म्हणाले आणि ते म्हटल्याचं त्यांना लगेच वाईट वाटलं.

संपादकसाहेब टेकीला आले होते. ते म्हणाले, "हे बघा, दुसरी आवृत्ती लवकरच छापायला जाणार आहे. तुम्हाला काढतो. पण रिकामं ठेवता येत नाही, उदाहरण हवंच. तुम्हीच द्या. एका वाक्यात. त्यात कुणीतरी चांगला माणूस हवा, आणि त्याचं नाव घालवणारं कुणीतरी हवं. पंधरा दिवसांत आणून द्या, छापतो."

मास्तर जिना उतरले तेव्हा बातमी त्यांच्या आधी उतरली होती. कार्यालयातल्या माणसाने खाली पोस्टात सांगितलं, पोस्टाने रस्त्याला सांगितलं. शिंप्याच्या जागी आता कुणाला घालायचं, हे शिंपी ठरवणार!

दुसऱ्या दिवसापासून रस्ता एवढा सभ्य झाला की विचारू नका. पोस्टातले गृहस्थ दोन पँटींचं कापड घेऊन आले आणि म्हणाले, "पुरचुंडी वगैरे राहू द्या हो, आपल्यात कसला हिशोब?" दूधवाला 'अर्धे मास्तर' म्हणणाऱ्या पोरांवर धावून गेला. रेडीमेडवाल्याची पाटी रातोरात उतरली. मास्तर चहा प्यायला गेले तर लोक सरकून जागा देत आणि आपल्या धंद्याविषयी काही बोलत नसत, न जाणो उदाहरण व्हायचं.

आणि मोठ्या बाई स्वतः आल्या. मागून हातगाडीवर गणवेशाचे तागे.

"सभा वगैरे काही नको, मास्तर. मी ठरवलं. तुमच्याकडेच." त्या जरा घुटमळल्या. "आणि ते कोशाचं... त्यात शाळेचं, शिक्षकांचं वगैरे काही येणार नाही ना?"

तागे भिंतीशी लागले. मास्तर त्यांच्याकडे बघत उभे राहिले, हात मागे बांधून.

"मिळालं ना काम?" बायको म्हणाली. "मग तोंड असं का?"

"घाबरून दिलंय."

"दिलंय ना?"

"अगं, आधी चोर समजून काढून घेतलं, आता गुंड समजून परत दिलं. यात मला शिंपी कोण समजतंय?"

बायकोने दोरा दाताने तोडला. काजं पडून होती.

मास्तरांनी ताग्यांना हात लावला नाही. त्या दुपारी त्यांनी मापाच्या वहीतलं एक पान फाडलं आणि वाक्य लिहिलं. 'समोरचा रेडीमेडवाला धुतल्यावर आटणारे कपडे विकतो, असे सांगून लोकांनी त्याला बदनाम केले.' लिहून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यातली मजा अशी की कपडे खरंच आटायचे. घ्या! आता म्हणा, खाई त्याला खवखवे.

तेवढ्यात शेजारचे घड्याळजी काठी टेकत आत आले. वय नव्वदीकडे झुकलेलं, डोळ्याला लावायचं भिंग अजून गळ्यात. मास्तरांना वाटलं, आले, हेही आले.

"घाबरू नका काका. तुम्हाला नाही घालत."

"मला घाल रे. मी किती दिवसांचा? माझं घड्याळ कधीही बंद पडेल." घड्याळजी स्टुलावर बसले आणि टेबलावरचा कागद त्यांनी भिंगातून वाचला. वाचून परत ठेवला. "याला चार लहान पोरं आहेत."

"मला काय करायचंय? त्याने पाटी लावताना माझा विचार केला होता?"

"नाही केला." म्हाताऱ्याने भिंग खाली सोडलं. मग म्हणाला, "तुझ्या बापालाही एकाच वाक्यानं खाल्लं."

"त्यांची गोष्ट वेगळी, काका."

"वेगळी कशी?"

मास्तरांनी टेबलावरचा खडू उगाच सरळ केला. घड्याळजींनी मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू खरं समजतोस ते? अजून?" त्यांचा आवाज चढला. "अरे, त्या वकिलाचं पोट वाढलं होतं! माप दिलं आणि दोन महिने अंथरुणावर पडून होता पाय मोडून. खाऊन खाऊन सुटला. त्याच्या घड्याळाचा पट्टा मी स्वतः दोन भोकं सैल केला त्या महिन्यात. मी सांगितलं होतं तुझ्या बापाला, चल, मी सांगतो लोकांना. तो म्हणाला, लोकांचं राहू दे, आधी घरात बघतो."

"घरात?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी तू पुरचुंड्या बांधायला लागलास."

काजावर बायकोचा हात थांबला होता.

"दुपारी माझ्याकडे आला. त्या बाकावर बसला. म्हणाला, वकील बोलला त्याचं एवढं नाही. पण पोरानं खाली सही केली." घड्याळजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यानंतर कात्री धरली नाही त्यानं."

"डोळे गेले होते त्यांचे," मास्तर म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की त्यांना स्वतःलाच ऐकू आलं नसेल.

"कुठले डोळे गेले? माझ्या हातून केसाएवढी स्प्रिंग फरशीवर पडायची ना, तुझा बाप उकिडवा बसून हुडकून द्यायचा. बारा वर्षं! मला दिसायची नाही, त्याला दिसायची."

घड्याळजी गेले. मास्तर कापायच्या टेबलाशी उभे राहिले. 'पोरगा सरळ आहे हो, बापासारखा नाही.' किती वेळा ऐकलं असेल? हजार वेळा? आणि प्रत्येक वेळी बाप चार हातांवर, इस्त्रीपाशी. बावीस वर्षांच्या पोराने रोज सकाळी दुकान उघडून, त्याच्यासमोर, त्याच्याच दुकानात, गाठ मारून मारून लोकांना सांगितलं होतं की हा चोर आहे, मी नाही. वकील एकदाच ओरडला. मुलगा चाळीस वर्षं ओरडत होता, त्यातली अट्ठावीस तर बाप गेल्यावर. आणि असं ओरडायला कुणी सांगितलंही नव्हतं त्याला. साधं आपणहून बापाला तरी विचारायचं, बाबा, खाल्लंत का हो कापड? तेवढं एक वाक्य त्याच्याने झालं नाही.

"अहो," बायको म्हणाली, "बसा जरा."

"तू तरी कधी सांगितलं नाहीस मला," मास्तर तिच्यावर खेकसले.

"मला काय माहीत तुम्हाला माहीत नाही म्हणून?" ती म्हणाली. तिचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आधी शाळेत गेले. मोठ्या बाई लगबगीने उठल्या.

"बसा बाई. शाळेचं, शिक्षकांचं काही येणार नाही कोशात. कुणाचंच येणार नाही. हे सांगायला आलो. आता तुम्हाला विश्वास वाटत असेल तर तागे राहू द्या, नाहीतर गाडी पाठवा, मी भरून देतो. आणि कुणाला कापताना बसवायचं असेल तर तसं सांगा."

मोठ्या बाई या वेळी खिडकीकडे गेल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. "नको, मास्तर. तुम्ही कापा," त्या म्हणाल्या.

मग मास्तर पोस्टाचा जिना चढले. रेडीमेडवाल्याचा कागद खिशात होता, पण त्याची मागची बाजू त्यांनी भरली होती. तीच बाजू वर करून त्यांनी साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी मोठ्याने वाचलं.

'मुलाने उरलेले कापड चाळीस वर्षे लोकांना परत दिले आणि आपल्या शिंपी बापाला बदनाम केले.'

साहेबांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात. कार्डवाल्या बाई खणांमागून उठून आल्या होत्या. त्यांनी एकदा मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग कुठेच पाहिलं नाही.

"याचा अर्थ लागत नाही," साहेब म्हणाले. "कापड परत देणं हे चांगलं काम. त्याने बाप बदनाम कसा होईल? विद्यार्थ्यांना कळणार नाही."

"नाही कळलं तर पाठ करणार नाहीत. बरंच आहे."

"पण मास्तर, मुख्य मुद्दा राहतोच. त्या बापाने कापड खाल्लं होतं की नव्हतं? वाक्यात ते कुठेच आलेलं नाही."

"आलंय की साहेब," मास्तर म्हणाले. "बदनाम केलं म्हटलंय ना? म्हणजे नव्हतं खाल्लं. तुम्हीच समजावलंत मला, दोन वेळा."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. कार्डवाल्या बाईंनी एक कोरं कार्ड ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगा मास्तर, मी उतरवून घेते." मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. पुढे 'बापाला' या शब्दाशी ते थांबले. बाईंनी कागद आपल्याकडे फिरवला आणि उरलेलं बघून लिहिलं.